न लवलेली पापणी

मित्रांनो, मी कापूस. तोही आखूड धाग्याचा. फरगाना खोऱ्यात माझं बोंड फुटलं, पण गिरणीवाल्यांनी नाक मुरडलं. लांब धाग्याचे माझे भाऊ रुबाबदार कापड व्हायला गेले आणि मी ओश शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात गुंडाळी होऊन पडलो. पण टाकाऊ म्हणवून घ्यायला मी तयार नव्हतो, आजही नाही!

एके दिवशी तोल्कुन नावाचा घोडेस्वार आईबरोबर आला. त्याचा उजवा डोळा पुन्हा पुन्हा लाल होई, नजर धूसर होई. दर वेळी आई आपल्या मोतीबिंदूच्या वेळचे उरलेले थेंब त्यात घाली. लाली उतरे आणि काही दिवसांनी परत येई.

"उलाक खेळताना, घोड्यावरून बोकड हिसकावताना, धूळ गेली असेल, एजे. थेंब द्या, परवा सामना आहे," तो डॉक्टरताईंना म्हणाला.

डॉक्टर ओयदिन एजेंनी यंत्रातून पाहिलं. डोळ्याच्या आत सूज होती, दाब वाढला होता, बुबुळाचा एक तुकडा फिका पडला होता. त्यांनी मला ओढून बारीक टोक वळलं आणि आधी चांगल्या डोळ्याच्या बुबुळाला हळूच टेकवलं. तोल्कुन केवढा दचकला!

"घोड्यावर चाबूक खातोस आणि कापसाला भितोस?" आई हसली.

"आता लावा! पापणी लवली तर घोडा विकीन!"

मी लाल डोळ्याला टेकलो. पापणी हललीच नाही.

"बघितलंस, आपा?" त्यानं आईपुढे छाती फुगवली.

ओयदिन एजे हसल्या नाहीत. "हे शौर्य नाही रे. डोळा बधिर झालाय. आत विषाणू असावा. त्या थेंबांनी नुसती लाली झाकली, त्याला मोकळं रान मिळालं. डोळ्यातलं थेंबभर पाणी सुईनं काढून तपासू. वेळेवर औषध घेतलंस तर नजर वाचेल."

"आणि सामना?"

"सामना की डोळा, तूच बोल."

आईनं खिशातली थेंबांची बाटली काढून कचऱ्याच्या बादलीत भिरकावली. "माझ्याच हातानं घालत होते गं मी!"

तोल्कुननं दात आवळले. "काढा सुई. खेळेन तर दोन्ही डोळ्यांनी खेळेन."

त्या बाटलीवर मलाही टाकलं. टाका, खुशाल टाका! माझं काम झालं होतं. पण मित्रांनो, दुसऱ्याचे थेंब आपल्या डोळ्यात घालू नका. सुताच्या लायकीचा नव्हतो मी, मान्य. पण ज्याला माझा स्पर्श कळलासुद्धा नाही, त्याच्याच मी उपयोगी पडलो.