पुलावरचे जांभळे झगे

एवारिस्तोची बायको नदी पोहून अमेरिकेत आली, हे सॅन अँटोनिओतल्या आमच्या गल्लीला पाठ होतं. दर रविवारी अंगणात मांस भाजताना तो ही हकीकत सांगायचा. लग्नाच्या वर्षी त्याच्या हकिकतीत नदी कमरेइतकी होती. अकरा वर्षांत ती डोक्यावरून गेली आणि गेल्या ईस्टरला तिच्यात सुसर निघाली. नोएमी शेजारी बसून मुकाट टोमॅटो चिरायची.

त्या मंगळवारी आम्ही वकील ट्रेविन्योबाईंकडे गेलो. एवारिस्तो इथला नागरिक. नोएमीकडे मात्र बावीस वर्षांत इथल्या सरकारचा एक कागद नाही. मी त्यांच्या लेकीचा बाप्तिस्म्याचा धर्मपिता, म्हणजे गॉडफादर, शिवाय मोठी गाडी माझीच. नोएमीची ओबदूलिया मावशी, वय एकोणऐंशी, केवळ बाईंच्या ऑफिसातला एसी चांगला म्हणून आली होती.

"देशात आलात कशा?" बाईंनी विचारलं. एवारिस्तोने नदी सुरू केली. सुसर यायच्या आतच बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मग इथे बसून काम होणार नाही. माफीचा अर्ज करायचा आणि मुलाखतीला सीमेपलीकडे, तुमच्या देशात, हुआरेसला जायचं. तिथे काही बिनसलं, तर दहा वर्षं परत येता येत नाही."

"दहा वर्षांनी आमची पोर अठराची होईल," नोएमी म्हणाली.

मग मावशी एसीसमोरून वळली.

"कसली नदी? ही पाण्याच्या टाकीपाशीसुद्धा भिंत धरून उभी राहते. मी आणलंय हिला. माझ्या गाडीतून, लारेडोच्या सीमेवरच्या पुलावरून."

बाईंनी पेन उचललं. "डिकीत लपवून?"

"डिकीत कशाला? डिकीत केक होता."

मावशीच्या दुसऱ्या भाचीचा, रोसेलियाचा, पंधरावा वाढदिवस लारेडोला होता; आमच्याकडे मुलीचा पंधरावा लग्नासारखा थाटात करतात. मागच्या सीटवर पाच पोरी, सगळ्यांचे झगे सारखे, फिकट जांभळे. त्यांतली एक नोएमी.

"पुलावरच्या अधिकाऱ्याने हिला पाहिलं?"

"न पाहायला काय झालं? डोकं आत घालून एकेकीला पाहिलं. म्हणाला, वाढदिवस कुणाचा? मी रोसेलियाकडे बोट केलं. अभिनंदन म्हणाला आणि हाताने जा म्हणाला."

"आता नीट आठवून सांगा. मी अमेरिकन आहे, असं ही म्हणाली? किंवा हिच्यासाठी तुम्ही म्हणालात? तसं खोटं सांगितलं असेल, तर वाटच बंद."

बाईंचा आवाज असा काही उतरला, की या एका उत्तरावर सगळं अडलंय हे मलाही कळलं. एवारिस्तोने माझा दंड धरला.

"ही काय बोलणार? तोंडात मी चिंचेची अख्खी वडी कोंबली होती. आणि कागद कुणी विचारलेच नाहीत."

बाई उभ्याच राहिल्या. "अधिकाऱ्यासमोर आली, त्याने पाहून जाऊ दिलं. कायद्याने हा रीतसर प्रवेश. अर्ज इथूनच होईल. हुआरेसला जायचं नाही."

"पुन्हा सांगा," नोएमी म्हणाली. बाईंनी पुन्हा सांगितलं. एवारिस्तोने आधी बायकोला, मग मला, मग चुकून बाईंच्या खुर्चीला मिठी मारली.

"अगं, मग अकरा वर्षं बोलली का नाहीस?"

"कागद नव्हता म्हणजे चोरूनच आले, असंच मला वाटायचं. आणि नदीमुळे तुझी आई मला मांसाचा पहिला तुकडा वाढायची."

पुरावे लागणार होते. लारेडोच्या चर्चबाहेरचा त्या दिवशीचा फोटो मावशीच्या भिंतीवरच होता. उरलेल्या चार पोरी आता साक्षीदार झाल्या. कागद नसलेल्या पोरीला आणल्याचं मावशीच्या अंगाशी येऊ नये, म्हणून साक्षीवर सही करण्याआधी तिने वेगळ्या वकिलाला विचारावं, असं बाई म्हणाल्या. "त्याच्याकडे एसी आहे का?" मावशीने विचारलं.

गाडीत बसल्या बसल्या नोएमीने सीमेपलीकडे, माहेरी मोनक्लोव्हाला आईला फोन लावला. कागदांसाठी बहुतेक परत यावं लागेल, हे तिने आईला आधीच कळवलं होतं. आईने खोलीला रंग दिला होता, पलंगही मांडला होता.

"आई, मला यावं नाही लागणार."

पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट चालला होता. मग आई म्हणाली, "बरं झालं." आणि रंग कसा महाग पडला, ते सांगू लागली.

"ऐक तरी. ग्रीन कार्ड मिळालं की येईन. आठ दिवस राहीन आणि परत इकडे येईन. आता येता येतं, आई."

"मग आठच दिवस का?" आई भांडायला लागली, आणि नोएमी बावीस वर्षांनी आईशी सुट्टीवरून भांडत होती.