चालकाशी बोलू नये

मी एक पाटी बोलतेय. हो, पाटीच. हातभर लांब, वीतभर रुंद, पत्र्याची. पांढऱ्या रंगावर लाल अक्षरं: 'गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये.' सगळा जन्म दुसऱ्यांना गप्प बसवण्यात गेला. आता मात्र डोक्यावरून पाणी गेलंय, म्हणून तोंड उघडतेय.

बस डेपोच्या वर्कशॉपात एका पेंटरनं मला रंगवलं. त्याची जेवायची सुट्टी झाली होती आणि तो भयंकर घाईत होता. त्यामुळे माझी अक्षरं सुरुवातीला ऐसपैस आणि शेवटी दाटीवाटीनं बसली आहेत. तेव्हापासूनच माझ्या नशिबी हेळसांड. एका बसमध्ये पुढच्या काचेच्या वर, आत तोंड करून, चार स्क्रूंनी मला बसवलं.

आत तोंड, हे नीट लक्षात ठेवा. मला रस्ता दिसत नाही. मी माणसांची तोंडं बघते आणि त्यावरून रस्ता ओळखते. सगळे एकदम पुढे झुकले की ब्रेक. सगळे डावीकडे कलले की वळण.

आणि माणसं तरी काय हो! मला वाचायची. मोठ्यानं वाचायची. मग तिथेच दांडा पकडून ड्रायव्हरला विचारायची, "काय हो, ही बाजारावरून जाते ना?" अरे, आत्ता वाचलंस ना बाबा! एक बाई तर माझ्याकडे बोट दाखवून मुलाला दटावायच्या, आणि स्वतः ड्रायव्हरला आपल्या गुडघेदुखीची हकिकत सांगायच्या.

माझं ऐकणारा जगात एकच माणूस होता, तो म्हणजे आमचा ड्रायव्हर. पिवळा दिवा लांबून दिसला तरी ते थांबायचे, म्हणून डेपोत त्यांचं नाव पडलं 'सिग्नलराव'. तीस वर्षांत एक ओरखडा नाही. कुणी काही विचारलं की ते मान न वळवता बोट वर करायचे, माझ्याकडे. बस्स. मला फार अभिमान वाटायचा तेव्हा. मूर्ख होते मी.

निवृत्तीच्या दिवशी डेपोतल्यांनी विचारलं, "आठवण म्हणून काय देऊ?" त्यांनी मला मागितलं.

त्यांची बायको घरी शाळेचे गणवेश शिवायची. डेपोतले सगळे त्यांना वहिनी म्हणायचे, म्हणून मीही वहिनीच म्हणते. या वहिनींनी तीस वर्षं एकच वाक्य ऐकलं होतं, "दमलोय, नंतर बोलू." निवृत्तीनंतर त्या म्हणाल्या, "साऱ्या जगाला फिरवलंत. आता मला फिरवा. जाता जाता बोलूही." म्हणून दोघांनी एक जुनी शाळेची बस घेतली आणि सुताराकडून तिचं घर करून घेतलं. मोटारहोम म्हणतात त्याला. दुमडता येणारा पलंग, दोन बर्नरची शेगडी, वाडग्याएवढं बेसिन, आणि वहिनींनी शिवलेले पडदे. इतकं नीटनेटकं झालं होतं सगळं! आणि मग सिग्नलरावांनी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि मला काचेच्या वर ठोकलं.

वहिनी बघतच राहिल्या. "अहो, गाडीत आपण दोघंच. ही कुणासाठी?"

"शोभेसाठी गं," ते म्हणाले.

शोभा कसली, डोंबल!

आपल्या देशात होतो तोवर निभावलं. वहिनींची धाकटी बहीण समुद्रापलीकडे राहते. बारा वर्षं भेट नव्हती. तिच्याकडे जायचं म्हणून गाडी बोटीत चढवली, पलीकडच्या किनाऱ्याला उतरवली, आणि तिथून माझे हाल सुरू झाले.

कारण तिकडे सगळंच उलटं. आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो, ते उजवीकडून. आमचं स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे सिग्नलराव बसलेले रस्त्याच्या कडेला, आणि रस्त्याच्या मधल्या अंगाला वहिनी. पुढे ट्रक असला की त्याच्यापलीकडचं यांना काही म्हणजे काही दिसायचं नाही. दिसायचं ते वहिनींना. टोलनाक्याची खिडकीही वहिनींच्या बाजूला. गाडीचं दारसुद्धा डावीकडे, ते उघडलं की थेट वाहत्या रस्त्यात.

आपल्याकडे हॉर्न म्हणजे नुसतं 'आलो हं'. तिकडे हॉर्न म्हणजे शिवी. सिग्नलरावांनी सवयीनं पहिल्याच वळणावर दोनदा वाजवला. सायकलवरच्या एका आजोबांनी उतरून असं काही बघितलं म्हणे, की वहिनींनी त्यांची हात जोडून माफी मागितली.

अशा ठिकाणी शेजारी बसलेल्या माणसानं बोलायचं नाही तर काय करायचं? वहिनी बोलायच्या. "अहो, उजवीकडून. अहो, तो थांबलाय, तुम्ही जा. अहो, आता नको." शिलाईतला एक सुटलेला टाका दहा हातांवरून दिसेल अशी त्यांची नजर. पण आमच्या साहेबांना तीस वर्षांचा ताठा! पहिल्या दिवशी ते "हं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी "मला दिसतंय" म्हणाले. खोटं! काही दिसत नव्हतं!

तिसऱ्या दिवशी सकाळी एका मोठ्या चौकात ते सवयीनं डाव्या बाजूनं घुसले. वहिनी ओरडल्या, "अहो, उलटे चाललात!" गाडी कशीबशी सरळ झाली. आणि मग सिग्नलरावांनी बोट वर केलं. माझ्याकडे.

"वाच," म्हणाले.

देवा! मला वाटलं, स्क्रूसकट गळून पडावं. अहो, मी प्रवाशांसाठी होते! गुडघेदुखीवाल्या बाईंसाठी होते! बायकोवर उगारायला कुणी लिहिलं होतं मला?

वहिनींनी मला वाचलं. सावकाश, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या दाटीवाटीपर्यंत. मग शांतपणे म्हणाल्या, "पुढच्या स्टेशनला मला सोडा. मी आगगाडीनं जाते बहिणीकडे. तुम्ही आणि तुमची पाटी या सावकाश."

त्यानंतर त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. सिग्नलरावही नाहीत. शेगडीवरचं झाकण तेवढं खडखडत होतं.

स्टेशन जवळ येत होतं. पुढे लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक होता म्हणे, गोगलगायीसारखा. मागे गाड्यांची रांग लागली होती. इतक्यात मागून हॉर्न वाजला. ज्या देशात हॉर्न म्हणजे शिवी, तिथे सिग्नलरावांना हॉर्न! त्यांचे कान लाल झाले. त्यांनी जबडा आवळला आणि स्टिअरिंग डावीकडे घेतलं.

मला रस्ता दिसत नाही हे सांगितलंय मी. मला वहिनींचा चेहरा दिसला. त्यांचे डोळे मोठे झाले. तोंड उघडलं. आणि त्यांनी वर बघितलं. माझ्याकडे. तोंड परत मिटलं.

ते मिटलेलं तोंड मी जन्मात विसरणार नाही. मी ओरडले हो, जीव तोडून ओरडले, "बोला, वहिनी, बोला!" पत्र्याचं कोण ऐकतं?

"आत घ्या!" वहिनी किंचाळल्या.

गाडी उजवीकडे फेकली गेली. बाजूनं भलामोठा दुधाचा टँकर धडधडत गेला आणि वहिनींच्या बाजूचा आरसा मुळासकट घेऊन गेला. कपाटातली भांडी जमिनीवर आली. गाडी कडेच्या गवतात जाऊन थांबली.

सिग्नलरावांनी इंजिन बंद केलं आणि विचारलं, "तुला दिसत होता?"

"हो."

"मग आधी का नाही बोललीस?"

वहिनींनी बोट वर केलं. अगदी सिग्नलरावांसारखंच, मान न वळवता.

पुढचा सगळा रस्ता सिग्नलराव त्या ओंडक्यांच्या मागे मुकाट चालवत राहिले. मागच्यांनी खुशाल शिव्या द्याव्यात. स्टेशनसमोर गाडी लावली. वहिनींनी बॅग उचलली आणि दार उघडायला गेल्या, पण दाराबाहेर गाड्या सूं सूं धावत होत्या. पायरीवरून त्यांना मागचं काही दिसेना, आणि त्या बाजूचा आरसा तर टँकरबरोबर गेलेला.

सिग्नलराव आपल्या बाजूनं उतरले, मागून फिरून आले आणि रस्त्यात उभे राहिले. एक हात आडवा धरून म्हणाले, "थांब. अजून थांब. एक मोटारसायकल येतेय. हं, आता उतर."

वहिनी उतरल्या नाहीत. पायरीवर बॅग घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "आणि तुम्ही बोलला नसता तर?" त्यांनी विचारलं.

सिग्नलराव तिथेच रस्त्यात उभे राहिले. त्यांचा हात अजून आडवाच होता. तीस वर्षांत पहिल्यांदा मी या माणसाच्या डोळ्यांत पाणी बघितलं. ते आत आले, खण उघडला, स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि माझ्याकडे वळले. तीन स्क्रू निघाले. चौथा गंजला होता, तर त्यांनी मला धरून असं ओढलं की माझा कोपरा वाकला.

"सावकाश," वहिनी म्हणाल्या. "पाटी काढताय की दाढ?" आणि बॅग परत कपाटावर ठेवून त्या आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

तिथून पुढे मी सामानाच्या कप्प्यात होते. वाटेत मला पुढचं सगळं ऐकू यायचं. "जाऊ का?" "थांबा. थांबा हं. टँकर आहे." "आता?" "आता जा." मधेच, "अगं, एवढं नको बोलूस, डोकं उठलं!" आणि लगेच, "नाही नाही, बोल तू."

आता गाडी बहिणीच्या अंगणात उभी आहे. जमीन ओली आहे, चाक रुतू नये म्हणून मागच्या चाकाखाली मला सरकवलंय. चाकाचं सगळं वजन माझ्या अक्षरांवर. काल बहिणीनं वाकून विचारलं, "ताई, एवढी चांगली पाटी चाकाखाली कशाला?"

"असू दे गं," वहिनी म्हणाल्या. "तिथे छान बसते ती."

राग नाही आला, असं नाही. चिखल नाकातोंडात जातो माझ्या. पण वहिनींचं तोंड मिटलं त्या अर्ध्या क्षणाची आठवण आली की वाटतं, आहे तेच बरं.

उद्या परतीला निघायचंय. सिग्नलराव मला काढतील, पुसतील. माणूस सवयीचा गुलाम, काय सांगावं, एखाद्या दिवशी मला पुन्हा वर लावतीलही. म्हणून वहिनी, आत्ताच सांगून ठेवते. तसं झालं, तर माझ्याकडे बघू नका. रस्त्याकडे बघा, आणि बोला.