कोपऱ्यातलं सरळ रोप

जाळीघरात टोमॅटोची चारशे रोपं होती आणि आम्हीच मुद्दाम सोडलेल्या पांढऱ्या माश्या. माशी रस पिते आणि पानं आकसवणारा विषाणू रोपात सोडते. जे रोप तरीही सरळ राहील, त्याचं बी धरायचं. आमचे संशोधक साहेब आठ वर्षं असं एक रोप शोधत होते.

तेविसाव्या दिवशी एकच रोप सरळ होतं. शेवटच्या ट्रेच्या कोपऱ्यात. साहेबांनी तिथूनच मोठ्या साहेबांना फोन लावला. "सापडलं साहेब!"

रोज सकाळी प्रत्येक ट्रेवरून काठी फिरवायची, म्हणजे माश्या उठून सगळीकडे सारख्या बसतात, हे माझं काम. गुडघा धरला म्हणून आठवडाभर मी टोकाच्या ट्रेपर्यंत गेलेच नव्हते. वहीत मात्र रोज खूण केली होती.

फोन ठेवल्यावर मी सांगून टाकलं.

"वा मावशी! आठवडाभर झोपलात आणि आजच बरी जाग आली?"

"त्या कोपऱ्यात माशी बसलीच नसेल तर? उद्या बी वाटलं की शेतकऱ्यांच्या शिव्या तुम्हीच खाल."

खात्रीचा उपाय एकच होता. आजारी रोपाचा शेंडा या रोपावर कलम करायचा. माशी एखादं रोप चुकवते, पण कलमातून विषाणू थेट रसात उतरतो.

ब्लेड साहेबांनी माझ्यापुढे धरलं. "घ्या. निस्तरा आता."

मी खाच पाडली, शेंडा बसवला, क्लिप लावली.

मग रोज माझ्याआधी साहेब जाळीघरात हजर. माझ्याशी बोलणं नाही. कलमानंतर दहाव्या दिवशी त्याच्या खाली नवा फुटवा आला, पानं सपाट. चौदाव्या दिवशीही सपाट. "मावशी, चहा घेतलात का?" त्यांनी विचारलं, तेव्हा मला जरा हायसं वाटलं.

सतराव्या सकाळी ते फुटव्यावर वाकून उभे होते. "पानाची कड पिवळी दिसते. उजेडामुळे असेल, नाही का?"

मी पान बोटावर घेतलं. कड वर वळून चमच्यासारखी झाली होती.

"बोला की!"

"आकसलंय, साहेब."

ते पालथ्या क्रेटवर बसले. मग मोठ्या साहेबांना फोन लावला. "साहेब, ते रोप गेलं. तपासणीत चूक झाली होती. माझी."

मी हात पुढे केला, फोन मागितला. त्यांनी पाठ फिरवली. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता, चढतच चालला होता. साहेब फक्त "हो" म्हणत राहिले आणि दुसऱ्या हाताने त्यांनी ते रोप मुळासकट उपटून जाळायच्या पिशवीत टाकलं.