कलमुर्झाचं भरलेलं पोट

कलमुर्झाला जाऊन वर्ष झालं, म्हणून त्याच्या बायकोनं, अनिपावहिनीनं, रिवाजाप्रमाणे गावाला जेवण घातलं. घोडा कापला होता, शिवाय मेंढ्या. अंगणात तंबू ठोकला होता आणि मला दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं होतं, कारण त्याच्या बरोबरीचा, त्याच्यासोबत मेंढरं राखलेला असा मी एकटाच उरलोय. आमच्यात बरोबरीच्या माणसाची थट्टा करायचा हक्क असतो, आणि तो माणूस गेला म्हणून हक्क काही बुडत नाही.

अडचण एवढीच, की थट्टा करायला आधी काहीतरी घडावं लागतं. कलमुर्झाच्या आयुष्यात काही घडलंच नव्हतं. तो कधी भांडला नाही, दारू पिऊन रस्त्यात लोळला नाही, शर्यतीत घोड्यावरून पडला नाही, कारण शर्यतीत कधी उतरलाच नाही. बोलायचा तर इतकं कमी, की लग्नात मौलवीनं "कबूल आहे का?" म्हणून विचारलं तेव्हा याची नुसती मान हलली, आणि सगळे म्हणाले, चला, बोलला एकदाचा. बायको, दोन मुली, थोडी मेंढरं आणि आक्तोश नावाचा एक मरतुकडा कुत्रा, एवढंच त्याचं जग.

मौलवीचं पठण झालं. मग एकेक म्हातारा रिवाजाप्रमाणे बोलू लागला. पहिला म्हणाला, "चांगला माणूस होता." दुसरा म्हणाला, "फारच चांगला." तिसऱ्याची पंचाईत झाली. तो म्हणाला, "हे दोघं म्हणाले तसाच होता." माझं डोकंच फिरलं. एवढा जगला माणूस, आणि त्याचं सगळं मिळून एवढंच?

तेवढ्यात मांसाची ताटं आली. मानाचं कमरेचं हाड माझ्या पुढ्यात ठेवलं. कलमुर्झा असता तर ते त्याला गेलं असतं. तो माझ्यापेक्षा एका हिवाळ्यानं मोठा. मी ते उचलून सगळ्यांना दाखवलं आणि म्हणालो, "आज तो असता ना, तर दुवा मागून व्हायच्या आत हे त्याच्या रुमालात गेलं असतं!"

तंबूत खसखस पिकली. जेवणावळीतून चार तुकडे घरी सगळेच नेतात, पोरं वाट बघत असतात. पण माणूस आधी खातो आणि उरलेलं नेतो. एक तीळ सात जणांत वाटून खाणारी माणसं मी पाहिली आहेत. हा गडी तीळ सातांना देऊन स्वतः हात झटकून बसणारा. मांस रुमालात, कणकेची तळलेली बोरसोकं खिशात. तोंडानं फक्त चहा प्यायचा. आम्ही म्हणायचो, कलमुर्झाचे दात खिशात आहेत. तो हसायचा आणि गाठ आणखी घट्ट मारायचा.

समोवारपाशी चहा ओतत असलेली अनिपावहिनी तिथूनच म्हणाली, "रुमालात नव्हे भावजी, पोटात म्हणा."

"पोटात? वहिनी, मी त्याच्या मांडीला मांडी लावून बसायचो. एक घास खाताना पाहिला नाही."

"मला सांगता? लोकांकडून जेवून आला की दारातच ढेकर द्यायचा. 'पोट भरलंय, आता पाणीसुद्धा नको.' मी आपली हातानं शेवया कापून सूप करून ठेवलेलं. त्याला हात लावेल तर शपथ! ते पोरींनी आणि मी संपवायचं, वर त्यानं आणलेली लोकांच्या घरची थंडगार हाडं चघळायची."

"वहिनी, थट्टा करताय."

"थट्टा नाही." ती हसत होती, पण डोळे हसत नव्हते. "बाहेरच्या बायकांच्या हातची चव लागल्यावर माझं पातळ सूप कशाला आवडेल त्याला? वाईट वर्षं होती, मांस कुठून घालणार होते मी? पण मनातून हे कधी गेलं नाही. आज तोंडातून निघालं, बरं झालं."

आता हा थट्टेचा मामला राहिला नव्हता. एवढी वर्षं ही बाई स्वतःच्या चुलीला कमी समजत बसली होती, आणि तेही कुणामुळे, तर जन्मात मुंगीला न दुखावलेल्या कलमुर्झामुळे! मला राग आला की माझा आवाज चढतो. "अहो, तो खायचाच नाही!"

"खायचा!"

"नाही म्हणतो ना!"

मौलवी जपमाळ आवरून आमच्याकडे बघत बसला. शेवटी मांस कापणारा म्हातारा सागिन मध्ये पडला. "भरल्या जेवणात भांडू नका. प्रत्येक लग्नात मांस मी कापलंय. कलमुर्झाचा चाकू कधी म्यानातून बाहेर आलेला मला आठवत नाही."

"मग काय वाऱ्यावर जगत होता माझा नवरा?" वहिनी कडाडली. "तिथं खाल्लं नाही, घरी खाल्लं नाही! आम्ही खाऊन उरलेली हाडंसुद्धा गोळा करून कुत्र्याला घालायला घेऊन जायचा. गोठ्यामागं त्या आक्तोशपाशी जो बसायचा तो उठायचं नाव नाही. बायकोशी दोन शब्द नाहीत आणि कुत्र्याशी मोठ्या गप्पा!"

थोरली मुलगी बुरुल बोरसोकांचं ताट घेऊन उभी होती. तिनं ते हळूच खाली ठेवलं.

"आई," ती म्हणाली, "मग आक्तोश एवढा रोड का होता गं?"

त्या कुत्र्याला सारं गाव हसायचं. रोजे ठेवतो म्हणायचे.

वहिनी चहा ओततच राहिली. वाडगा काठोकाठ भरला आणि वाहू लागला. आमच्यात वाडगा काठोकाठ भरून देणं म्हणजे पाहुण्याला 'ऊठ, चालता हो' म्हणणं, पण त्या दिवशी कुणी मनावर घेतलं नाही.

"खोटारडा," ती म्हणाली. "उपाशीपोटी ढेकर द्यायचा हो! दारात उभा राहून! आणि कुत्र्याच्या नावानं ती हाडं स्वतःच चघळायचा!"

मला हसू आलं, आणि हसता हसता रडू आवरेना. जन्मभरात त्यानं लबाडी केली ती एवढी एकच, पण इतक्या निगुतीनं केली की घरच्यांना वाटलं तो बाहेर जेवतो आणि आम्हाला वाटलं तो घरी जाऊन जेवतो. म्हणे याच्या आयुष्यात काही घडलं नाही!

धाकटी झुरा रिवाजाप्रमाणे पाहुण्यांना पिशव्या वाटू लागली. वहिनीनं त्या तिच्या हातातून हिसकावल्या. "आज या घरातून कुणी काही न्यायचं नाही. जे आहे ते इथं, माझ्यासमोर बसून, गरम गरम खायचं."

म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. हात हलवत घरी जायचं म्हणजे घरच्यांचा वाटा बुडवायचा. पण तिचा चेहरा बघून सगळ्यांनी ताटं पुन्हा पुढ्यात ओढली.

मग ती आली, सरळ माझ्या शेजारी, पुरुषांच्या पंगतीत बसली, आणि माझ्या पुढ्यातलं कमरेचं हाड ओढून घेतलं. हे हाड तिनं आजवर खाल्लं होतं ते त्याच्या रुमालातून आलेलंच. तिनं एक लचका तोडला, चावला, आणि थांबली.

"भावजी, गरम असताना हे असं लागतं?"

"हो वहिनी."

"म्हणजे त्यालाही ठाऊक नव्हतं." तिनं पदरानं डोळे पुसले, दुसरा लचका तोडला आणि माझ्या हातात कोंबला. "खा. पोट भरलंय म्हणालात तर याद राखा."