ध्रुवावरून एक फेरी

आमच्या घरात एकजण पाण्यावर असतो, एकजण हवेत आणि एकजण जमिनीवर. बाबा जहाजावर इंजिनिअर, आई विमानात, आणि जमिनीवरची ती मी. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक अरुंद गॅलरी आणि माझ्यापेक्षा जास्त बोलणारा एक फ्रिज. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकू राहतात. संध्याकाळी त्या झाडूच्या दांड्याने त्यांच्या छताला ठोकतात, मी वरून टाचेने ठोकते. म्हणजे मी आहे, जेवले आहे, गॅस बंद आहे. आई फेरीवर असली की कधीकधी दिवसभरातलं माझं बोलणं तेवढंच.

शाळेतही मी तशीच होते. वर्गात मला 'म्यूट' म्हणायचे. पण या वर्षी विज्ञानाच्या बाईंनी मला वैश्विक किरणांवर बोलायला उभं केलं आणि काय झालं कोण जाणे, मी थांबेचना. बाईंनी घड्याळ दाखवलं, मग डोळे दाखवले, शेवटी दार दाखवलं. आता मला 'भोंगा' म्हणतात आणि मला ते फार म्हणजे फार आवडतं. पुढच्या आठवड्यात हेच सगळ्या शाळेसमोर बोलायचं होतं. म्हणून बुधवारी दुपारी आई फेरीवरून आली, तशी मी तिला पलंगावर बसवलं, हातात चहा दिला आणि समोर उभी राहिले.

"बूट तरी काढू दे गं."

"प्रेक्षकांनी मधे बोलायचं नाही."

मी सुरू केलं. आपल्या सूर्याच्या कितीतरी पलीकडे एक तारा फुटतो. तिथून काही कण जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने सुटतात आणि लाखो वर्षं कुठे न थांबता, कुणाला न भेटता येत राहतात. (इथे मी जरा थांबते. ते मला छान जमतं.) मग त्यांना आपली हवा लागते. खाली आपल्या अंगावर हवेची जाड रजई आहे, म्हणून आपल्यापर्यंत त्यांचा नुसता चुरा येतो. विमान उडतं तिथे मात्र रजई पातळ. आणि ध्रुवाकडे पृथ्वीचं चुंबकत्वही त्यांना फारसं अडवत नाही.

"म्हणजे मी फाटक्या रजईत काम करते," आई म्हणाली. "पगार वाढवून मागायला हवा." कुणी 'हवाईसुंदरी' म्हटलं की ती 'उडती वाढपी' अशी दुरुस्ती करते, त्याच सुरात.

"शांतता. एका लांबच्या फेरीत अंगाला जे किरण लागतात ते साधारण छातीचा एक-दोनदा एक्स-रे काढल्याएवढे, त्यामुळे प्रवाशांनी घाबरायचं कारण नाही. वर्षभर उडणाऱ्यांवर मात्र लक्ष ठेवतात. आणि गरोदर बाईला तर कळल्याबरोबर खाली उतरवतात, कारण पोटातल्या बाळाला..."

आईने भरलेला कप खाली ठेवला.

"हे पण बोलणार आहेस?"

"का, चुकलं?"

"नाही. बरोबर आहे."

ती बूट काढायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. मी भोंगा असले तरी बिनडोक नाही. बाबा नुकताच सुट्टीवर येऊन गेला होता.

"ऑफिसला सांगितलंस?"

"शुक्रवारी ध्रुवावरून एक फेरी आहे. ती करून येते, मग सांगते." आई बुटाशी बोलत होती. "सांगितलं की त्याच दिवशी जमिनीवर. वर्ष-दीड वर्ष. आणि एका फेरीने काही होत नाही, तूच म्हणालीस."

"मी प्रवाशांबद्दल म्हणाले."

खरं तर मी घरभर नाचायला हवं होतं. शाळेतून यावं आणि दार आतून कुणीतरी उघडावं, यापलीकडे मी कधी काही मागितलं नव्हतं. पण मला दवाखाना आठवला. माझा हात मोडला तेव्हा दवाखान्यात माझ्या शेजारी काकू बसल्या होत्या, मांडीवर कुणाचं तरी अर्धं शिवलेलं झबलं घेऊन. आणि आता जे बोटाएवढंही नाही, त्याच्यासाठी अख्खी विमान कंपनी माझ्या आईला खाली उतरवणार.

"माझ्या वेळी थांबली होतीस?"

आईने एकदाचा बूट काढला. "नाही. नोकरी नवी होती. पाच महिने कुणाला कळू दिलं नाही. जाकीट ढिलं करून घेतलं."

"म्हणजे मी भाजून निघाले."

"थोडी करपलेली आहेसच." ती हसली, पण ते टिकलं नाही. "खरं सांगू? मागच्या दाराला एक छोटी खिडकी असते. सगळे झोपले की मी तिथे जाऊन उभी राहायचे. खाली नुसता बर्फ, चिटपाखरू नाही. आणि मी तुझ्याशी बोलायचे. तेवढेच महिने तू प्रत्येक फेरीला माझ्याबरोबर होतीस. त्यानंतर मी एकटीच."

मी तिचा काढलेला बूट उचलून दाराशी ठेवला.

"म्हणून म्हणते, एकदाच," आई म्हणाली. "याला पण ती खिडकी दाखवते आणि येते."

"नको दाखवूस."

"अगं, एकदाच..."

"नको. ती माझी आहे."

बाळाच्या काळजीने म्हणाले असते तर किती शहाणी दिसले असते. पण मी चिडून म्हणाले, आणि नाकही वाहायला लागलं. आईने मला रुमाल दिला. मग तिने पर्समधून फोन काढला आणि ड्यूटी लावणाऱ्या माणसाला लावला. तो म्हणाला, अभिनंदन मॅडम, शुक्रवारचं तुमचं नाव काढतो, बाकीचं डॉक्टरांकडून कळवतील. गॅस सिलिंडर मागवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

"माझ्या जागी कोण जाणार?" आईने विचारलं, पण त्याने फोन ठेवला होता.

शुक्रवारी मी शाळेतून आले तर दार आतून उघडलं. आईने चमचे, वाट्या, मसाल्याचे डबे, सगळ्यांच्या जागा बदलल्या होत्या. मी दप्तर टाकलं तशी ती म्हणाली, "आपल्याला काही हवंय का?" मग तिचं तिलाच कळलं आणि आम्ही दोघी हसलो, जरा जास्तच वेळ.

संध्याकाळी ती गॅलरीत उभी होती, हात मागे बांधून, विमानात उभी राहते तशी.

"आता ट्रे उचलून झाले असतील," ती म्हणाली. "आता दिवे मंद करतील."

मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"तो चुरा इथेही येतो," मी म्हणाले. "तळहात आडवा धरलास तर सेकंदाला एखादा कण आरपार जातो."

आईने कठड्याबाहेर हात धरला. "काही लागत नाही."

"लागत नाहीच."

मी माझा हात तिच्या हाताखाली धरला, न टेकवता. तिच्या हातातून गेलेला माझ्याही हातातून जाणार, हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती उत्तरेकडे बघत होती. तिचं विमान या बाजूने कधीच जात नाही, आणि हे तिला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.