तीस यार्डांच्या रेषेपाशी

कॅझ डूडेकने नारंगी काठीचं टोक गोठलेल्या गवतात रोवलं आणि ती दोन्ही हातांनी ताठ धरली. दहा यार्डांवर, साखळीच्या दुसऱ्या टोकाला, ओटिस बीमनने आपली काठी रोवली. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू दहा यार्ड पुढे गेला की नाही, हे अशा साखळीने मोजतात. साखळी ताणली गेली. पंचाने गुडघ्यावर बसून चेंडूकडे पाहिलं आणि उठून मान हलवली. फेरीमन संघ दोन बोटांनी कमी पडला होता.

"दोन बोटं," परत जाताना ओटिस पुटपुटला. "तिकडच्या नव्या स्टेडियममध्ये म्हणे साखळीसुद्धा मालकाच्या मर्जीने ताणणार आहेत."

कॅझ हसला नाही. मैदानाच्या कडेला असताना हसायचं नाही, टाळी वाजवायची नाही, प्रेक्षकांकडे वळून पाहायचं नाही, हा साखळीवाल्यांचा नियम त्याने बावीस वर्षं पाळला होता. ही माणसं संघाची नसत, शहराची असत. पुढच्या वर्षी खेळाडू दक्षिणेला जातील, त्यांचे रंग आणि नावही जाईल. निवृत्त पोस्टमन ओटिस आणि भूमितीचा निवृत्त मास्तर कॅझ मात्र सरोवराकाठच्या या गावातच राहतील.

नियम पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्याची बायको लोरेटा खूप हसली होती. मग तिने मुद्दाम सरोवराकडच्या बाजूला, तीस यार्डांच्या रेषेमागे, तिसऱ्या रांगेत जागा घेतली. खेळ त्या रेषेपर्यंत आला, की काठी घेऊन कॅझ तिच्यासमोर पाठमोरा उभा राही. फळ्यापुढे वाकून वाकून त्याला पोक आलं होतं. मागून तिचा आवाज येई, "कॅझ, पाठ सरळ." आजूबाजूची रांग हसे. कॅझ पाठ सरळ करी, आणि वळता येत नाही म्हणून समोर पाहतच मनाशी हसे.

फेब्रुवारीत लोरेटा गेली. दफनाच्या दिवशी, स्टेडियममध्ये तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या नोरीन पाव्हलिकने त्याचा हात धरून सांगितलं होतं, की काळजी करू नकोस, वरून, रांगेतून, आम्ही तुझ्यावर लक्ष ठेवू. जूनमध्ये मालकाने संघ हलवत असल्याचं जाहीर केलं. ऑगस्टच्या पहिल्या सामन्यात खेळ तीस यार्डांपाशी आला, आणि कॅझला मागून ऐकू आलं, "कॅझ, पाठ सरळ."

त्याने काठी गवतात आणखी खोल रोवली. मग त्याला नोरीनचे शब्द आठवले. लोरेटाची लकबसुद्धा बाईने हुबेहूब उचलली होती. त्यानंतर प्रत्येक घरच्या सामन्यात, खेळ त्या रेषेशी आला की ती हाक येई. त्या रांगेकडे नजर उचलायचा धीर मात्र त्याला सामन्याआधी, मैदानात उतरतानाही, कधी झाला नाही. एक खुर्ची रिकामी दिसली असती.

आज शेवटचा सामना होता. आज शिट्टी झाली की वळायचं आणि नोरीनचे आभार मानायचे, हे त्याने सकाळी दाढी करतानाच ठरवलं होतं. उद्यापासून त्या रांगेतली माणसं कुठे भेटणार होती? पण खेळ काही केल्या त्या रेषेकडे येईना. तिसऱ्या डावापर्यंत चेंडू पलीकडच्या अर्ध्या भागातच अडकून पडला. मागून करवतींचे आवाज येऊ लागले होते. लोक खुर्च्या कापून नेत होते, आणि पहारेकरी पाहून न पाहिल्यासारखं करत होते.

चौथा, शेवटचा डाव संपायला सहा मिनिटं उरली असताना फेरीमन संघाने दोन लांब फेकी साधल्या. कॅझ काठी घेऊन जवळजवळ धावतच तीस यार्डांपाशी पोचला. वारा सरोवराकडून येत होता. त्याने काठी रोवली आणि वाट पाहिली.

"कॅझ, पाठ सरळ."

त्याने पाठ सरळ केली. पुढच्या फेकीला चेंडू हातातून निसटला, आणि खेळ पुन्हा दूर गेला.

शिट्टी झाली, तेव्हा लोक कठडे ओलांडून मैदानात उतरले. कोणी गवताचे तुकडे कापत होतं, कोणी नुसतंच उभं होतं. कॅझ तीस यार्डांपाशी येऊन साखळी गुंडाळू लागला. हे संपलं की वळायचं. तेवढ्यात बाजूने नोरीनच पुढ्यात आली. तिच्या हातात पाना होता.

कॅझने टोपी काढली. "बरं झालं, तूच आलीस. तुझे आभार मानायचे होते, नोरीन. सगळ्या हंगामाबद्दल."

"कसले आभार?" ती ओशाळली. "तोंड दाखवायला लाज वाटत होती मला. जूनमध्येच आम्ही सगळ्यांनी तिकिटं परत केली, मालकावरच्या रागाने. अख्खी रांग हंगामभर रिकामी होती. तुला दिलेला शब्द तसाच राहिला."

कॅझने टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

"आज रेडिओवर सामना संपल्याचं ऐकलं आणि निघाले. समोरच तर राहते. म्हटलं, लोरेटाची खुर्ची तुला काढून द्यावी. बोल्ट गंजलेत. येतोस का वर?"

कॅझने साखळीचा शेवटचा वेढा पूर्ण केला. मग तो सुटला, म्हणून पुन्हा घातला.

"तुझी काढून घे," तो म्हणाला. "तिची राहू दे."

"सोमवारी स्टेडियम पाडायला यंत्रं लागणार आहेत इथे, कॅझ."

"आज शनिवार आहे."

नोरीनने त्याच्या दंडावर हात ठेवला, आणि ती त्याच्या पाठीमागच्या पायऱ्यांकडे गेली. हळूहळू मैदान रिकामं झालं. ओटिसने दोन्ही काठ्या खांद्यावर घेतल्या, साखळी उचलली आणि मैदानाबाहेर नेणाऱ्या भुयाराच्या तोंडाशी जाऊन थांबला. कॅझ रेषेपाशीच उभा होता, हात मोकळे सोडून, प्रेक्षागाराकडे पाठ करून.

"मास्तर, सामना संपला," ओटिसने हाक मारली. "आता वळून बघितलंस तरी कोणी काही म्हणणार नाही."

"माहीत आहे," कॅझ म्हणाला, आणि समोर पाहत राहिला.