दाखला नेणार नाही

शाळेची चिठ्ठी मंगल गायखेला बुधवारी मिळाली. एरवी अशा चिठ्ठ्या तिच्या आठवीतल्या मुलाच्या, महेशच्या दप्तरातून यायच्या, चुरगळलेल्या, कोपऱ्याला तेल लागलेल्या. ही शिपाई घेऊन आला आणि पाकीट चिकटवलेलं होतं. आत दोनच ओळी होत्या. शनिवारी सकाळी पालकसभा आहे, त्याआधी मुख्याध्यापकांना भेटावे.

डिसेंबर २००७ चे ते दिवस. दिल्लीकडच्या एका शाळेत आठवीतल्याच दोन मुलांनी घरचं पिस्तूल नेऊन वर्गातल्या मुलाला गोळ्या घातल्या होत्या. आठवडा झाला तरी टीव्हीवर दुसरा विषय नव्हता. आणि सिडकोच्या त्या सगळ्या गल्लीत बंदूक होती ती फक्त गायख्यांच्या घरात. मंगलचा नवरा भिमाजी पलटणीतून निवृत्त होऊन अंबडच्या एका कंपनीच्या गेटवर गनमन म्हणून उभा राहायचा. बाराबोरची दुनळी बंदूक त्याच्या स्वतःच्या लायसनवरची. ड्युटी संपली की ती घरी यायची आणि पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत कुलपात जायची.

मंगलने महेशला समोर बसवलं. "काय केलंस?"

"काही नाही."

"शिपाई उगाच आला का घरापर्यंत?"

महेश नखं कुरतडायला लागला. मग सगळं भडाभडा बाहेर आलं. जूनपासून वर्गातली चार-पाच मुलं त्याला वॉचमन म्हणत होती. मधल्या सुट्टीत त्याला मुतारीच्या दाराशी उभं करायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला दार उघडून द्यायचं आणि सलाम ठोकायचा. नाही ठोकला तर आत ओढून पाण्याचा नळ सोडायची. टीव्हीवर ती बातमी आल्यापासून नवीनच सुरू झालं होतं. "काय वॉचमन, आज आणलीस का?"

"मग मी एकदा म्हणालो, आणीन एक दिवस."

आवाज न चढवता मंगलने विचारलं, "पेटीची चावी कुठे असते, ठाऊक आहे तुला?"

"देवाच्या फोटोमागे. काडतुसं तुझ्या लुगड्यांच्या खाली."

चावीची जागा फक्त आपल्याला आणि नवऱ्याला माहीत आहे असं ती दहा वर्षं समजत होती.

संध्याकाळी भिमाजी आला तेव्हा ती दारातच उभी होती. महेशने सांगितलेलं सगळं तिने तिथेच त्याच्या कानावर घातलं. "बंदूक आत आणू नका. कंपनीत लोखंडी कपाट आहे ना? ड्युटी संपली की तिथेच ठेवायची. साहेबांशी मी बोलू का तुम्ही बोलता?"

"येडी झाली का तू? लायसन माझ्या नावावर हाये. लोक काय म्हणतील, गायख्यानी पोराच्या भेवानी घरातून बंदूक काढली?"

"लायसन तुमच्या नावावर आहे. पोरगं कोणाच्या नावावर आहे?"

भिमाजी आल्या पावली सायकल वळवून कंपनीत गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. आपली मान खाली गेली असं त्याला वाटत होतं, ते मंगलला दिसत होतं. तिने समजूत घातली नाही, फक्त ताट वाढलं.

शनिवारी ती प्लास्टिकच्या कारखान्यातली आपली पाळी बुडवून शाळेत गेली. मुख्याध्यापक कुलथे सरांनी खुर्ची दिली, चहा मागवला. मग टेबलावरून एक छापील अर्ज तिच्याकडे सरकवला.

"गायखेताई, पालक घाबरलेत. तुम्ही दाखल्यासाठी अर्ज करा. शेऱ्यात काही वाईट लिहीत नाही मी. दुसऱ्या शाळेत सांगून जागा करून देतो."

"आणि नाही केला तर?"

"तर विषय सभेत निघेल. तुम्हालाच अवघड जाईल."

"निघू द्या," मंगल म्हणाली. चहा तसाच राहिला.

हॉलमध्ये दीड-दोनशे माणसं होती. कुलथे सरांनी प्रस्तावना केली की, असे प्रकार का घडतात यावर पालकांनी मोकळेपणी बोलावं. माणसं बोललीच. एकजण म्हणाला, सगळा दोष चॅनेलवाल्यांचा, तीच ती दृश्यं दिवसभर दाखवतात. दुसऱ्याने सायबर कॅफेतल्या गोळ्या झाडायच्या खेळांवर बोट ठेवलं. निवृत्त तलाठी असलेले एक आजोबा उठले आणि म्हणाले, मास्तरांच्या हातातली छडी काढून घेतली तेव्हाच हे ठरलं. मागून कोणी म्हणालं, हे अमेरिकेचं खूळ आहे, आपल्याकडे नव्हतं. पहिल्या रांगेतल्या एक बाई हळहळून म्हणाल्या, "आई दिवसभर कामावर, तर मुलांनी कोणाकडे बघायचं?" कितीतरी माना डोलल्या. मंगलच्या हाताला अजून प्लास्टिकचा वास होता. तिने मूठ आवळली.

मग सोनजे वकील उभे राहिले. शाळेत त्यांच्या शब्दाला वजन होतं. "टीव्ही सगळ्यांच्या घरात आहे, गेम सगळी मुलं खेळतात. फरक पडतो तो हत्यारामुळे. ज्या घरात हत्यार आहे आणि ज्या घरातलं मूल धमकी देतं, ते मूल माझ्या मुलाशेजारी बसावं का? सभेने एवढंच ठरवावं."

त्यांनी नाव घेतलं नाही. तशी गरजही नव्हती. मंगल उठली.

"मी महेश गायखेची आई. वकीलसाहेब बोलले ते खरं आहे. हत्यार नसतं तर त्या दोन पोरांच्या हातून एवढं झालं नसतं. आमच्या पेटीची चावी देवाच्या फोटोमागे होती आणि पोराला ते माहीत होतं. ही चूक माझी आणि त्याच्या वडिलांची. बुधवारपासून बंदूक घरात नाही. कंपनीत जाऊन विचारा कोणीही." तिने दम घेतला. "हे झालं आमचं. आता तुमचं सांगा."

हॉलमध्ये कुजबुज झाली. कुलथे सर म्हणाले, "ताई, विषयाला धरून..."

"विषयालाच धरून बोलतेय, सर. कारणं शोधायला बसलोय ना? मग एवढ्या लांब दिल्लीला, अमेरिकेला कशाला जायचं? आपली मुतारी इथून वीस पावलांवर आहे. माझ्या पोराला सहा महिने तिच्या दारात उभं करून सलाम ठोकायला लावलाय. का, तर त्याचा बाप गेटवर उभा राहतो. मी पोरांची नावं घेणार नाही. तुम्ही घरी जाऊन आपापल्या पोराला विचारा."

सोनजे वकिलांचा आवाज कडक झाला. "तो 'आणीन' म्हणाला, हे खरं की खोटं?"

"खरं. त्याची शिक्षा त्याला द्या. पण शाळेत ठेवून द्या. दाखला मी नेणार नाही. त्याला घालवलंत तर उद्या त्या दारात दुसरं कोणाचं तरी पोर उभं राहील, एवढंच."

तेवढ्यात भिंतीशी उभ्या असलेल्या वर्गशिक्षिका पगार मॅडम पुढे आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "मी पाहिलं होतं ते, दोनदा. मला वाटलं, खेळ चाललाय. एकदा मी हसलेही."

टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत. सभा ठराव न होताच मोडली. दारातून बाहेर पडताना बायका मंगलला वाट देत होत्या, पण जरा जास्तच वाट देत होत्या. त्या पहिल्या रांगेतल्या बाईंनी पदर सावरून तोंड फिरवलं.

सोमवारी मंगल स्वतः महेशला सोडायला गेली आणि प्रार्थना संपली तरी ऑफिससमोरच्या पायरीवर बसून राहिली. शिपायाने दोनदा उठवायचा प्रयत्न केला, ती उठली नाही. अकराच्या सुमाराला कुलथे सर बाहेर आले आणि त्यांनी निर्णय सांगितला. महेशला तीन दिवस वर्गाबाहेर बसायचं आणि लेखी माफी मागायची. मुतारीपाशी मधल्या सुट्टीत रोज एक शिक्षक उभा राहणार. बाकीच्या मुलांची चौकशी पगार मॅडम करतील.

"चालेल," मंगल म्हणाली.

चार दिवसांनी ती पाळी संपवून घरी चालली होती. सोनजे वकिलांनी स्कूटर तिच्याजवळ थांबवली. हेल्मेट काढलं.

"ताई, घरी विचारलं मी. आमचाही होता त्यात. मला खरंच कल्पना नव्हती."

"मलाही चावीची नव्हती."

"मी माफी मागतो तुमची."

मंगलला वाटलं, एवढा मोठा माणूस रस्त्यात उभा राहून बोलतोय, तेव्हा राहू द्या म्हणावं. शब्द ओठांवर आलेही होते. ते तिने गिळले.

"मला सलाम कुठे ठोकायला लावला होता, साहेब? माफी महेशची मागा. आणि तुम्ही नाही, मुलानं मागायची. तुम्ही नुसतं शेजारी उभं राहा."

वकिलांच्या कपाळाला आठी पडली. ते स्कूटर चालू करून निघून गेले. मंगलला वाटलं, झालं, आता हा माणूस कायमचा वैरी.

पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाराची कडी वाजली. भिमाजीने दार उघडलं. बाहेर वकील होते आणि त्यांनी मनगट धरून आणलेला त्यांचा मुलगा. मुलगा जमिनीकडे बघत "सॉरी" म्हणाला. महेशने ऐकून घेतलं. "बरं" म्हणाला नाही, "असू दे" म्हणाला नाही. नुसता त्याच्याकडे बघत राहिला. अखेर त्या मुलानेच मान वर केली आणि पुन्हा एकदा, या वेळी नीट ऐकू येईल असं, म्हटलं.

ते गेल्यावर भिमाजी खाटेवर बसला. बंदूक ठेवून आल्यापासून पहिल्यांदाच तो मंगलशी आपणहून बोलला.

"दिल्लीच्या त्या दोन पोरांच्या मायबापाला कोनी विचारलं नसंल आधी, हत्यार घरात कशाला म्हून," तो म्हणाला.

"विचारलंही असेल," मंगल म्हणाली. "आपल्याला काय ठाऊक?" आणि ती दुसऱ्या दिवसाचा डबा भरायला उठली. पाळी सातची होती.